आमच्या हौदातला गवत्या

लग्न होऊन मी दौंडहून शिरूरला आले, तेव्हा सासरचं घर तलावाकाठी आहे असं मला सांगण्यात आलं होतं. ते खोटं नव्हतं. मागचं दार उघडलं की समोर पाणीच होतं. फक्त तो तलाव म्हणजे दगडाची जुनी खाण होती. रस्त्यासाठी खडी काढून काढून खड्डा खोल गेला, त्यात पाणी साठलं आणि एका हुशार बिल्डरनं त्याच्या कडेकडेनं बैठी घरं बांधून माहितीपत्रकावर दोन राजहंस छापले. घरं घेणाऱ्यांत निम्मे लोक रांजणगावच्या नव्या कारखान्यांत नोकरीला लागलेले होते, निम्मे शिरूरचेच जुने. राजहंस कुठे आहेत असं कुणी विचारलं नाही.

गावातले रिक्षावाले आम्हाला ‘खाणीवरची माणसं’ म्हणायचे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनना ते फार लागायचं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली होती आणि निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी काढली नव्हती. एकदा त्यांनी एका रिक्षावाल्याला थांबवून समजावलं, "खाण न्हाई म्हनायचं. लेक म्हना, लेक."

रिक्षावाल्यानं विचारलं, "कुनाची लेक?"

त्याच आठवड्यात आप्पांनी नोटीस लावली, की यापुढे सदर पाण्यास सरोवर असे संबोधावे. तेही कुणी संबोधलं नाही. आम्ही तळं म्हणत राहिलो.

तळ्याची खरी भानगड सुरू झाली ती आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा. त्या वर्षी तळ्यात पाणगवत असं माजलं होतं की पाणी दिसायचंच नाही. काठाच्या गवताला लागूनच पाण्यातलं गवत सुरू व्हायचं, सगळं एकसारखं हिरवंगार. अशात राहू गावाहून आप्पांचे होणारे व्याही घर बघायला आले. राहूचे बागायतदार, पांढरीशुभ्र विजार, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर कडक टोपी. आप्पा चहाचं सांगायला आत गेले. तेवढ्यात व्याह्यांना ती हिरवळ फार आवडली. अनवाणी चालावं म्हणून त्यांनी चपला काढून एका बाजूला नीट जोडीनं ठेवल्या, हात मागे बांधले आणि चालत गेले.

मी कपडे वाळत घालत होते. मी ओरडेपर्यंत ते कमरेइतके आत गेले होते. माणूस मोठा सभ्य. आरडाओरडा केला नाही, टोपीला हात लावून ती जागेवर आहे याची खात्री केली आणि बाहेर आलेल्या आप्पांना तिथूनच म्हणाले, "हिरवळ झ्याक हाय व्याही. पानी तेवढं जरा जास्त होतंय."

मग ते आप्पांची लुंगी गुंडाळून चहाला बसले. खांद्यावर पाणगवताची एक लडी तशीच राहिली होती आणि ती काढायला कुणाची छाती होईना. लग्न मोडलं नाही. पण पाहुणे गेले आणि आप्पांनी शिट्टी मारत सगळ्या सोसायटीला मीटिंगला बोलावलं.

मीटिंगसाठी खुर्च्या आमच्या शेजारच्या चाचांच्या. चाचांचा मंडपाचा आणि भांड्यांचा धंदा होता. तालुक्यात लग्न कुणाचंही असो, खुर्च्या, डेगा आणि कर्णा चाचांकडूनच जायचा. त्यांच्या घराण्याची शिरूरमध्ये कितवी पिढी होती कुणाला ठाऊक, पण नगरपालिकेच्या जुन्या लोकांपेक्षा त्यांनाच गावाचे नळ कुठून कुठे गेलेत ते जास्त माहीत असायचं. त्यांची बायको, आमची चाची, भिंतीपलीकडून सासूबाईंशी रोज बोलायची. बोलायची म्हणजे एवढंच: "दळन आनलं का?" "आनलं." दोघींचं त्यापुढे कधी गेलं नव्हतं.

मीटिंगमध्ये सूचनांचा पाऊस पडला. एकानं बदकं आणा म्हटलं, एकानं औषध टाका, एकानं म्हशी सोडा. म्हशींच्या सूचनेवर बराच वेळ गेला, कारण सूचना करणाऱ्याच्या स्वतःच्या म्हशी होत्या. मी मागे सासूबाईंजवळ बसले होते. आमच्या दौंडला भीमेकाठी माशांचं बी विकणारा एक माणूस होता आणि तो गवत खाणारे मासे तळ्यात सोडायला देतो हे मला माहेरपासून ठाऊक होतं. बोलायचं म्हणून मी तेवढं बोलले.

"गवत खानारा मासा?" आप्पा म्हणाले.

"गवत्याच म्हणतात त्याला."

"सूनबाईला सेक्रेटरी करा," आप्पांनी जाहीर केलं आणि शिट्टी वाजवली. नवी सून म्हणून मी घरात अजून जेवायला वाढतानाही हळू बोलत होते, आणि इकडे मी एका झटक्यात तळे समितीची सेक्रेटरी झाले. समितीत दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या रविवारी चाचांच्या टेम्पोतून मी, चाचा आणि माझा नवरा दौंडला गेलो. माशांची पिल्लं हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होती, बोटाएवढी. विकणाऱ्या मामांनी पिशव्यांची तोंडं बांधता बांधता सांगितलं, "निव्वळ शाकाहारी. दुसऱ्या माशाला त्वांड लावायचा न्हाई. पन खातो."

"खाऊ द्या की, त्यासाठीच नेतोय," चाचा म्हणाले.

"तसं न्हवं. लई खातो," मामा म्हणाले. त्यांनी ते दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा आम्ही हसलो.

येताना वाटेत खड्डा आला की चाचा मागे बघून "अरे बेटा, संभालके" म्हणायचे. कुणाला म्हणतात ते नवऱ्याला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. सोसायटीत पोचलो तर आप्पांनी टेम्पो मागे घेताना शिट्ट्या मारून, दोन्ही हातांनी खुणा करून, तो अगदी पाण्याच्या काठावर फलाटाला लावल्यासारखा लावून घेतला. बायकांनी पिशव्यांना हळदकुंकू लावलं. मासे पाण्यात गेले आणि दिसेनासे झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

पहिले काही महिने काहीच झालं नाही. लोक मला रस्त्यात अडवून विचारायचे, "काय सेक्रेटरी, मासे जेवले का?" मी खालमानेनं जायचे. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गवतात भोकं दिसायला लागली, मग पाण्याच्या वाटा, मग सगळं पाणीच. दिवाळीला तर तळं असं लख्ख झालं की आमच्या घरांची उलटी चित्रं त्यात दिसायला लागली आणि कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय ते सगळ्यांना कळायला लागलं.

गवत संपलं. गवत्ये मात्र आता मांडीएवढे झाले होते आणि त्यांना भूक तेवढीच होती. ते काठाशी येऊन तोंडं वर काढायचे. वाकलेली गवताची पाती ओढायचे. लोक आधी गंमत म्हणून भाजीचे देठ टाकायला लागले, मग ती सवयच पडली. मेथी निवडली की देठ तळ्यावर. कोबीची वरची पानं तळ्यावर. कोथिंबीर जुडीतून निघाली की मुळांसकट निम्मी तळ्यावर. चाची एकदा काठावर बसून तांदूळ निवडत होती. तिच्या हिरव्या ओढणीचं टोक पाण्यात गेलं. आतून कुणीतरी ते ओढलं. चाचीनंही ओढलं. बराच वेळ तिकडून ओढ आणि इकडून ओढ. शेवटी ओढणी चाचीला मिळाली, पण टोकाचा गोंडा गेला तो गेलाच. चाची घरी येऊन म्हणाली, "सबका गवत्या है, पर मेरेकू तो लुटेरा लगता."

मग दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. तळं खाली खाली गेलं, काठावर गाळाचा रुंद पट्टा दिसायला लागला आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायला लागला. निमोण्याचे एक मामा आमच्याकडे फुलं विकायला यायचे. त्यांची शेवंती होती. ते तो गाळ बघून असे खूश झाले की जणू कुणी पुरणपोळी वाढली आहे.

"ह्यो गाळ मला द्या," ते आप्पांना म्हणाले. "मशीन मी आनतो, ट्रॅक्टर माझे. तुमचं तळं खोल होतंय, माझी शेवंती हसतीय. फकस्त खड्डा मोकळा करून द्या."

"मोकळा म्हंजी?"

"म्हंजी तुमची जित्राबं काढा की त्यातली."

पुन्हा मीटिंग, पुन्हा चाचांच्या खुर्च्या. माशांचं काय करायचं? निमोण्याच्या मामांकडे शेततळं होतं, पण तेही कोरडं. दौंडला परत न्यावेत तर नदीतच पाणी नव्हतं. मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "एवढा विचार कशाला करायचा? एक दिवस रस्सा करू." चार-सहा जण हसले, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की कल्पना वाईट नाही. वातावरण हळूहळू रश्श्याकडे झुकायला लागलं. कोण भाकरी आणणार इथपर्यंत गोष्ट गेली.

तेव्हा चाचा उठले. आमच्या अख्ख्या सोसायटीत मासे खाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे रश्श्याच्या बाजूच्या लोकांनी त्यांच्याकडे मोठ्या आशेनं बघितलं.

"मी खानारा मानूस हाय," चाचा म्हणाले. "पन ज्याला हातानं कोथिंबीर खाऊ घातली, त्याच्यावर कोथिंबीर घालून त्याला कसा खायाचा?"

आप्पांनी नाक शिंकरलं. मग असं ठरलं, की प्रत्येक घरामागे वापरायच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहेच, तर तळ्यात पुन्हा पाणी येईपर्यंत प्रत्येकानं आपापल्या हौदात एकेक गवत्या सांभाळायचा. सेक्रेटरी म्हणून हा ठराव मी मांडला, असं सगळे सांगतात. मला तरी तसं आठवत नाही.

घरी आल्यावर सासूबाई माझ्याशी बोलेनात. त्या माळकरी. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. आता हौदात मासा येणार होता, आणि तो आणणारी सून होती.

मासे पकडायचा दिवस उजाडला तो लग्नाच्या दिवसासारखा. चाचांनी बिर्याणीच्या मोठ्या डेगा काढल्या, कारण एवढा मासा पाण्यासकट मावेल असं दुसरं भांडं गावात नव्हतं. सासूबाईंच्या हट्टापायी त्या राखेनं घासून घेतल्या. कारखान्यातून सुट्टी काढलेले पुरुष अर्ध्या चड्डीत गाळात उतरले, दोघा-तिघांनी जाळं ओढलं आणि बाकीच्यांनी सूचना केल्या. डेगा रस्त्यानं येताना बघून शेजारच्या वस्तीवरची काही माणसं स्वच्छ कपडे घालून आली आणि पंगत कुठे बसणार म्हणून विचारायला लागली. त्यांना पाणी देऊन परत पाठवलं.

आप्पांनी चाचांचा कर्णा छतावर बांधून घेतला होता. मासा वर आला की आप्पांचा आवाज घुमायचा:

"लक्ष द्या. पहिल्या गल्लीतील शेवटचे घर. आपला मासा लागलेला आहे. कृपया बादली घेऊन यावे. मासा थांबणार नाही."

एक मासा हातातून सुटून पुन्हा गाळात गेला, तर आप्पा लगेच म्हणाले, "सदर मासा काही अपरिहार्य कारणामुळे उशिरा सुटेल. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आणि मग कर्णा चालू आहे हे विसरून, "अरं धरा की त्याला!"

आमचा मासा मोठा निघाला. नवऱ्यानं आणि चाचांनी डेग उचलून आणली आणि हौदात उलटी केली. पाण्याचा एक लोट बाहेर आला आणि सगळं शांत झालं. हे मासे उड्या मारतात म्हणून हौदावर आम्ही जुन्या खाटेची जाळी टाकली. सासूबाई दोन दिवस त्या बाजूला फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मेथीची जुडी घेऊन हौदाशी गेले, तर त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय घालती त्याला?"

"मेथी."

"आन् बाकी काय खातो?"

"काही नाही. पाला, गवत. दुसरं काही तोंडाला लावत नाही."

"अंडं?"

"नाही हो."

"बारकं मासं, किडं, काय बी न्हाई?"

"नाही."

सासूबाईंनी वाकून जाळीतून बघितलं. मासा मेथीचं पान ओठांत धरून सावकाश चावत होता. त्याच्या चेहऱ्यावर जरा विचारी भाव असतो, तो त्यांना फार पटला असावा. "मंग ह्यो तर आपल्यातला हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली जुडी काढून घेतली.

त्या दिवसापासून माशाचं खाणं माझ्या हातात राहिलं नाही. सकाळी त्यांची पूजा झाली की आधी माशाला, मग आम्हाला. कांद्याची पात त्याला चालायची नाही. चालायची नाही म्हणजे तो खायला एका पायावर तयार होता, सासूबाई द्यायच्या नाहीत. एकादशीला तो उपाशी राहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला पालक मिळायचा. मी एकदा एकादशीला चोरून कोबीचं पान टाकलं, तर त्यानं असा आवाज करून ते खाल्लं की स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कोन मोडतंय त्याचा उपास?"

पाण्याचे हाल होते. नळ दिवसाआड यायचा, तेही करंगळीएवढा. माशाच्या हौदातलं पाणी बदलायला पाहिजे म्हणून आमच्या आंघोळी आखडत्या झाल्या. नवरा कारखान्यातून घामेजून यायचा आणि म्हणायचा, "आज मी की तो?" बहुतेक वेळा तो.

भिंतीपलीकडे चाचीचा मासाही वाढत होता. आता दोघींच्या बोलण्यात दळण मागे पडलं.

"तुमचा खाऊन ऱ्हायला का?"

"व्हय. तुमचा?"

"खातो, पन उदास हाय. येकटाच ना."

सासूबाई विचारात पडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपून उठले, तर मागच्या अंगणात चाची आणि सासूबाई एक मोठी डेग दोन्ही बाजूंनी धरून, पदर खोचून, धापा टाकत येत होत्या. डेगेत चाचीचा मासा. त्याला आमच्या माशाकडे एक दिवसासाठी आणला होता. "बिचाऱ्याला कुनी बोलायला नगं का?" सासूबाई म्हणाल्या. दोन्ही मासे संध्याकाळपर्यंत हौदाच्या दोन टोकांना तोंडं फिरवून उभे राहिले, एकमेकांकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या दोघी मात्र हौदाच्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत, चाचीच्या लेकीच्या बाळंतपणापासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत सगळं बोलल्या. जाताना चाची म्हणाली, "उद्या तुमच्यावाला आमच्याकडं." मग हे सुरूच झालं. माशांना या पाहुणचाराचा काही उपयोग झाला असं मला वाटत नाही.

फक्त एका गोष्टीवरून सासूबाईंचा चाचीवर संशय होता. चाचीचा मासा आमच्यापेक्षा जाड दिसायला लागला होता. "ती पाव घालीत आसनार," सासूबाई मला कानात म्हणाल्या. "मैद्यानं सुजलाय त्यो."

याच दिवसांत माझी नणंद आणि तिचा नवरा पुण्याहून आले. जावईबापू पहिल्यांदाच या घरी मुक्कामाला येत होते, म्हणून सासूबाईंनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. येताना आमच्या फाट्यावरच्या धुळीत त्यांचे पाय भरले. ते सरळ मागच्या दारी गेले, हौदावरची जाळी बाजूला केली आणि तांब्या बुडवला. त्यांच्या हाताला मेथीचा वास येत होता की काय कोण जाणे. गवत्या सरळ वर आला, हवेत वळला आणि जावईबापूंच्या छातीवर आदळला. दोघंही खाली पडले. मोठा आवाज झाला. आम्ही सगळ्या धावलो. जावईबापू चिखलात बसलेले, मांडीवर मासा तडफडतोय, तांब्या घरंगळत भिंतीपाशी गेलेला.

सासूबाई सगळ्यांत आधी पोचल्या. घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "लागलं का रं बाळा? कुठं लागलं?"

"नाही नाही, फार नाही, कोपर जरा खरचटलंय," जावईबापू म्हणाले.

सासूबाईंनी मासा पदरात घेतला, त्याची उलटसुलट पाहणी केली, हौदात सोडला आणि तो पोहायला लागेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग त्यांना मागे कुणीतरी बसलं आहे असं दिसलं. "तुम्ही कवा आलात?" त्या म्हणाल्या. नणंद त्यानंतर दोन दिवस घुश्शात होती. जावईबापू मात्र रात्री जेवताना हसायला लागले ते थांबेनात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मंडईतून पालक आणला.

तळं त्या उन्हाळ्यात रिकामं झालं. निमोण्याच्या मामांनी मशीन लावून गाळ खरवडून नेला आणि त्यांच्या ट्रॅक्टरांनी आमच्या गल्ल्यांत इतका गाळ सांडला की आम्ही ज्यात तुळस लावली त्यात तुळस आली, आणि ज्यात काही लावलं नव्हतं त्यातही टोमॅटो आले. पुढे पाऊस चांगला झाला. तळं पूर्वीपेक्षा खोल भरलं. आप्पांनी नोटीस लावली, की सर्व माशांनी रविवारी सकाळी तळ्यावर हजर व्हावे.

माणसं आनंदानं यायला हवी होती. पण त्या सकाळी सोसायटीत कुणी लवकर उठलंच नाही. एकेक जण बादल्या घेऊन रेंगाळत यायला लागला. एक बाई म्हणाल्या, आमचा अजून लहान आहे, पुढच्या वर्षी सोडला तर चालेल का? एका घरानं मासा आजारी आहे असा निरोप पाठवला. आप्पांनी स्वतः जाऊन बघितलं, मासा ठणठणीत होता आणि घरातले लोक त्याच्यापुढे उभे राहून त्याला लपवत होते.

मग दुसऱ्या गल्लीतले चार पोरगे आले. ते कारखान्यात काम करणारे, उत्तरेकडून आलेले, एका घरात मिळून राहणारे. चौघांनी मिळून एक बादली धरली होती आणि चौघंही खाली बघत होते. आप्पा बादलीत वाकले. आत एक मासा होता. त्याचे पर लालसर होते, तो गवत्या नव्हताच, आणि तो एका कुशीवर पडला होता.

"ह्यो झोपलाय का?" आप्पांनी विचारलं.

"थोड़ा सुस्त है अंकल," एक पोरगा म्हणाला.

आप्पांनी हात घातला आणि दचकून काढला. "बर्फासारखा गार लागतोय."

"ठंडा पानी पसंद करता है," दुसरा म्हणाला.

सगळी सोसायटी बघत होती. चाची पुढे आली, बादलीत एक नजर टाकली आणि म्हणाली, "ये तो कल बाजार में मैं छोड़के आई थी. ताजा नहीं था." मग चौघांतला सगळ्यांत धाकटा रडायलाच लागला. त्यांचा गवत्या उडी मारून बाहेर पडला होता, चौघंही पाळीवर होते. परत येऊन बघतात तर संपलेला. त्यांनी तो कढीपत्त्याखाली पुरला, आणि तुम्हाला काय तोंड दाखवायचं म्हणून बाजारातून हा आणला.

"पुरला? नक्की?" रश्श्याच्या बाजूच्या एकानं विचारलं.

"कसम से," तो म्हणाला.

ते खरं होतं की नाही, आम्ही उकरून बघितलं नाही. चाचीनं पोराच्या डोक्यावर हात फिरवला. बादलीतल्या माशाचं काय करायचं हा प्रश्न उरला. आप्पा म्हणाले, नियमानं तो तळ्यात सोडता येत नाही कारण तो गवत खात नाही, शिवाय तो जिवंत नाही. शेवटी तो बाजारातला मासा त्यांनी आपल्या हातानं उचलून, फुलं घेऊन आलेल्या निमोण्याच्या मामांना दिला. मामा तो शेवंतीच्या मुळाशी घालतो म्हणाले.

आमचा मासा सोडायला सासूबाई स्वतः आल्या. डेग काठावर टेकवली, तरी त्या हात काढेनात. मला वाटलं, आता यांच्या डोळ्यांत पाणी येणार. पण त्या डेगेत वाकून म्हणाल्या, "कुनी काय बी दिलं तरी खायाचं न्हाई. आपलं पथ्य सांभाळायचं." गवत्या पाण्यात गेला, क्षणभर काठाशी थांबला, शेपटी मारून सासूबाईंच्या लुगड्यावर पाणी उडवलं आणि खोल गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी सासूबाई आणि चाची काठावर जाऊन बसायच्या. मेथी टाकली की सगळे मासे एकदम यायचे. त्यातला आपला कोणता, हे दोघींनाही नक्की माहीत असायचं, आणि नेमका दोघींचा तोच असायचा. त्यावरून कडाक्याचं भांडण व्हायचं आणि मग दोघी एकाच पिशवीतली भाजी वाटून घेऊन घरी यायच्या.

काही वर्षांनी नवऱ्यानं नोकरी बदलली आणि आम्ही पुण्यात फ्लॅट घेतला. मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला, तो आप्पांनी नामंजूर केला आणि मी तशीच गेले. सासूबाई आमच्याबरोबर आल्या नाहीत. इथे काय आहे बघायला, असं त्यांनी एकदा गॅलरीतून खाली बघून विचारलं होतं. मी दर रविवारी फोन करायचे. फोन चाचीकडे, त्यामुळे आधी चाची, मग सासूबाई, मध्ये दोघींची हिसकाहिसकी.

"तब्येत कशी आहे?" मी विचारायचे.

"बरी हाय. पानी भरपूर हाय. काल बगळा आलता, चाचीनं चप्पल मारली."

"गोळ्या घेता ना वेळेवर?"

"व्हय, खातो की. पालक जरा कमीच खातो, मेथी आवाडती."

मग मागून चाचीचा आवाज यायचा, "उनका नहीं, मेरावाला मेथी खाता," आणि फोन ठेवला जायचा.